उडत्या तबकड्या आणि चक्रवाढ व्याज

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढे २६ जुलै २०२३ रोजी डेव्हिड ग्रश या माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने शपथेवर साक्ष दिली. मानवनिर्मित नसलेली याने अमेरिकी सरकारच्या ताब्यात आहेत, असे आपल्याला सांगण्यात आले, हा तिचा सारांश; ती याने साक्षीदाराने स्वतः पाहिलेली नव्हती. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने आढावा प्रसिद्ध करून अशा दाव्यांना पुरावा सापडत नसल्याचे जाहीर केले. वाद अर्थातच मिटला नाही. १ जुलै २०२५ रोजी सूर्यमालेबाहेरून येणारा ३आय-ॲटलास हा धूमकेतू चिलीतील दुर्बिणीला दिसला, तेव्हा हार्वर्डचे ॲव्ही लोएब यांनी तो कृत्रिम असण्याची शक्यता बोलून दाखवली आणि वृत्तवाहिन्यांना कित्येक दिवसांचे खाद्य मिळाले.

या चर्चेत एक युक्तिवाद हटकून येतो; आणि तो शिकलेल्या माणसाच्या तोंडून येतो, म्हणून त्याची दखल घेणे अगत्याचे वाटते. तारे फार दूर आहेत, तेथून कोण येणार, असे म्हणताच आइन्स्टाइनचा हवाला देण्यात येतो. प्रकाशाच्या वेगाच्या जवळ गेले की काळच मंदावतो. मग अंतराचा बाऊ कशाला?

हवाला खोटा नाही. वातावरणाच्या वरच्या थरांत निर्माण होणाऱ्या म्युऑन नामक कणांचे आयुष्य इतके अल्प असते, की त्यांनी सहाशे-सातशे मीटरांतच संपून जावे. तरी ते जमिनीपर्यंत पोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ मंद चालते. १९७१ साली हॅफेले व कीटिंग यांनी विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा घडवून आणलेल्या आण्विक घड्याळांनीही, वेग व गुरुत्वाकर्षण या दोहोंचा हिशेब धरता, आइन्स्टाइनचीच साक्ष दिली. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२५ प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने गेल्यास पृथ्वीवर सव्वाचार वर्षांहून थोडा अधिक काळ लोटेल, पण यानातील प्रवाशाला तो जेमतेम सात महिन्यांचा वाटेल. तेव्हा एका आयुष्यात ताऱ्यांचा प्रवास अशक्य आहे, असे म्हणणारेच येथे चुकतात, हे मान्य केले पाहिजे.

परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही: घड्याळ कोणाचे? मंदावते ते प्रवाशाचे. खर्च करणाऱ्याचे घड्याळ आपल्या गतीनेच चालते. पॉल क्रुगमन यांनी १९७८ साली, तरुण प्राध्यापक असताना, आंतरतारकीय व्यापारावर एक निबंध अर्धवट गमतीने लिहिला. तो छापून आला २०१० साली, म्हणजे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर. वाटेत अडकलेल्या भांडवलावरचे व्याज यानातील घड्याळाप्रमाणे नव्हे, तर ग्रहावरील घड्याळाप्रमाणे मोजले पाहिजे, असा त्यातील पहिला सिद्धांत. विनोद बाजूला ठेवला तरी सिद्धांत उरतो. चार टक्के चक्रवाढ व्याजाने एका रुपयाचे हजार वर्षांत जे होते, ते लिहायला एकावर सतरा शून्ये द्यावी लागतात. एवढा परतावा कोणत्या मोहिमेने द्यावा? ज्या समाजाला हजार वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाइतकाच मोलाचा वाटतो, तोच असे यान धाडील. असा समाज कोठे असेलही. आपल्या ओळखीच्या समाजांत तर पाच वर्षांपलीकडचे धरणही रखडते.

आपल्याकडे या संदर्भात रैवत ककुद्मीची कथा हमखास सांगितली जाते. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला राजा ब्रह्मलोकी गेला, क्षणभर थांबला आणि तेवढ्यात पृथ्वीवर युगे लोटली. ही कथा म्हणजे सापेक्षतावाद नव्हे. तिच्यात वेगाचा संबंधच नाही. पण पुराणकार व्यवहारी होता. राजाचे आप्त, मंत्री, सैन्य आणि खजिनाही काळाने नेला, हे सांगायला तो विसरला नाही. आजचे उत्साही लोक नेमका तेवढाच भाग गाळतात.

दुसरी अडचण ऊर्जेची. एक किलोग्रॅम वस्तूला प्रकाशाच्या ९९ टक्के वेग द्यायचा, तर सुमारे १५० अब्ज युनिट वीज लागते. भारतात सर्व वीजकेंद्रे मिळून महिनाभरात साधारण तेवढीच निर्माण करतात. हा हिशेब एका किलोचा, आणि तोही थांबण्याचा खर्च न धरता. वेग दहा टक्क्यांवर आणला की हाच आकडा बारा-तेरा कोटी युनिटांवर येतो. मात्र मग प्रॉक्झिमाचा प्रवास साडेबेचाळीस वर्षांचा होतो आणि काळ मंदावण्याचा लाभ उरतो अवघा अडीच महिन्यांचा. स्वस्तात जावे तर आइन्स्टाइन उपयोगी पडत नाही, आणि तो उपयोगी पडेल इतक्या वेगाने जावे तर खर्च परवडत नाही.

यावर कोणी म्हणेल, की प्रवासी सजीव कशाला हवा? यंत्र पाठवावे. हा आक्षेप वजनदार आहे. यंत्राला म्हातारपणाची घाई नसते. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चालले आहे; त्या गतीने प्रॉक्झिमाइतके अंतर तोडायला ७५ हजार वर्षे लागतील, आणि त्याची कोणतीही तक्रार नाही. पण अशा यंत्रासाठी काळ मंदावण्याची गरजच नसते. म्हणजे कोणी आलेच, तर ते येण्याचा संभव ज्या मार्गाने अधिक, त्याला या युक्तिवादाची आवश्यकता नाही. आणि वर्गात विद्यार्थी ज्या हिरिरीने तो मांडतात, ती ‘येऊ शकतील’ आणि ‘आले आहेत’ यांतील अंतर झाकण्याच्या कामी येते. ते अंतर कोणत्याही सूत्राने नव्हे, पुराव्यानेच कापावे लागते.

काटकसरी समाज माणूस न पाठवता पत्र पाठवील. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात आणि त्यांना जेवणखाण लागत नाही. आपणही तेच केले. नोव्हेंबर १९७४ मध्ये पोर्तो रिकोतील अरेसिबो येथून एम-१३ या तारकागुच्छाच्या दिशेने एक संदेश धाडण्यात आला. त्या पंचवीस हजार प्रकाशवर्षांपैकी पन्नासच्या वर त्याने आतापर्यंत कापली आहेत. उत्तर आलेच, तर ते पन्नास हजार वर्षांनी. तो धाडणारी दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली.