अनामत कोणाच्या हाती?

भाड्याच्या घरासाठी दिलेली अनामत रक्कम भाडेकरूचीच असते. घरमालकाकडे ती फक्त ठेवलेली असते. थकलेले भाडे, न भरलेले वीजबिल किंवा घराचे नुकसान एवढ्यासाठीच तिला हात लावायचा आणि उरलेले पैसे चावी परत घेताना द्यायचे, असा हा व्यवहार. मुंबई, ठाणे, पुण्यात तो नेमका चावी देण्याच्या दिवशीच अडतो.

अडण्याचे नेहमीचे निमित्त म्हणजे रंगकाम. दोन-तीन वर्षे माणसे राहिली की भिंतीचा रंग उतरतो, नळ ठिबकू लागतो, दाराची कडी सैल होते. ही वापराची झीज. ओट्याला तडा गेला, खिडकीची काच फुटली, तर ते नुकसान. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 ने भाडेपट्ट्यांसाठी हा फरक केव्हाच करून ठेवला आहे: वाजवी झीज वगळून जागा होती तशी परत करावी. परंतु महाराष्ट्रातील शहरांत आज बहुतेक घरे भाडेपट्ट्याने नव्हे, तर ‘लिव्ह अँड लायसन्स’ने दिली जातात. तिथे बराचसा भार करारात काय लिहिले आहे यावर पडतो आणि रंगाचा खर्च अनामतीतून वळता करण्याचे कलम तयार मसुद्यात अनेकदा आधीच घातलेले असते. एजंटच्या टेबलावर सह्या करताना ते वाचतो कोण? घरात शिरतानाचे फोटो आणि वस्तूंची सही केलेली यादी हा साधा पुरावाही मग दोघांकडे नसतो.

घरमालकांची तक्रारही खोटी नाही. अनामत बुडेल या धास्तीने अनेक भाडेकरू शेवटच्या महिन्यांचे भाडे भरतच नाहीत. ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणतात. अनामत अशी भाड्यातच संपली की मोडतोड आणि थकलेले मेंटेनन्स मालकाच्या गळ्यात पडते. मात्र हा अविश्वास पैसे अडकण्याच्या अनुभवातूनच आलेला आहे.

कायद्याचे पारडे इथे सरळ एका बाजूला झुकलेले दिसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार, मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा न सोडणाऱ्याविरुद्ध मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि जास्त राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याच्या छायेत घरे अडकून पडली होती, मालक घर भाड्याने द्यायलाच कचरत होते. तेव्हा ही तरतूद हवीच होती. पण घर वेळेवर सोडून गेलेल्या माणसाला त्याची अनामत मिळवून देण्याची सोय त्या कलमात नाही. त्याने वकील गाठायचा, नोटीस पाठवायची आणि वसुलीचा दावा लावायचा. पन्नास-साठ हजारांसाठी, तेही नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेल्यावर, हा उपद्व्याप फारसा कोणी करत नाही. काही मालकांचा हिशेब यावरच उभा असतो.

सरकारला या पैशांची खबर नाही, असेही म्हणता येत नाही. 1999 च्याच अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे हे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. मुद्रांक शुल्क आकारताना तर परत करायच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज गृहीत धरून ते भाड्यात मिळवले जाते. म्हणजे एक लाखाच्या अनामतीतून मालकाला वर्षाला दहा हजारांचा लाभ होतो, हे शासनाला मान्य आहे. शुल्कापुरते मान्य, एवढेच.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आणि ताबा घेतानाच देय रकमा वजा करून उरलेली अनामत परत करावी असे म्हटले. विषय राज्यांचा असल्याने स्वीकारायचे की नाही हे राज्यांवर आहे. त्या मसुद्यानेही पैसे मालकाच्याच खिशात ठेवले, ही त्याची उणीव. इंग्लंडमध्ये एप्रिल 2007 पासून बहुतेक खासगी भाडेकरूंची अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते, वादाचा निवाडा योजनेमार्फत विनाशुल्क होऊ शकतो आणि हा नियम मोडणाऱ्या मालकाला अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यावी लागू शकते.

महाराष्ट्रात नोंदणीची ऑनलाइन यंत्रणा तयार आहे. अनामतीचा आकडा तिच्यात आधीच नोंदलेला असतो. ती रक्कम तिसऱ्या हाती ठेवण्याची सोय त्याच नोंदणीला जोडावी आणि कलम 24 च्या सक्षम प्राधिकाऱ्यालाच अनामतीचे अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढण्याचा अधिकार द्यावा. अडचण येईल ती ‘हेवी डिपॉझिट’ची. मुंबईत लाखो रुपये एकरकमी घेऊन नाममात्र भाड्यात घर देण्याची रीत आहे. मालक ते पैसे कर्जफेडीत किंवा धंद्यात घालतो आणि नव्या भाडेकरूच्या पैशांतून जुन्याचे देणे फेडतो. नवा मिळाला नाही की जुना अडकला. अशा करारांवर दोन महिन्यांची मर्यादा एकदम लादली, तर मालकांकडे परत द्यायला पैसेच नसतील. म्हणून चालू करार मुदत संपेपर्यंत तसेच ठेवून मर्यादा नव्या नोंदणीपासून लागू करावी लागेल.