कंटाळा मुलाचा, निदान कोणाचे?

शाळेतून चिठ्ठी येते : मुलाचे वर्गात लक्ष नसते, डॉक्टरांना दाखवा. ती चिठ्ठी घेऊन आईवडील आमच्या ओसरीवर येऊन बसतात. आईच्या डोळ्यांत पाणी, वडिलांच्या कपाळावर आठी. ‘फादर, पोरगा हुशार आहे, वर्गात कंटाळतो एवढेच!’ शिक्षक म्हणतात विकार, वडील म्हणतात हुशारी. आमचे स्पष्ट मत असे की, दोघांनाही निकालाची घाई झालेली आहे आणि त्या घाईची किंमत मात्र मूल मोजत आहे.

प्रथम शाळेविषयी. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असे सांगितले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. आम्ही कायद्यातून सुटलो. सदसद्विवेकबुद्धीतूनही सुटलो काय? भरगच्च वर्गात जे गणित मुलाला पहिल्याच वेळी उमगले, तेच त्याने दहा वेळा फळ्यावरून उतरवून घ्यायचे आणि वर स्वस्थ बसायचे! अशा वेळी ते खिडकीबाहेर पाहू लागले, तर दोष खिडकीचा नव्हे, मुलाचाही नव्हे.

परंतु म्हणून डॉक्टर ज्याला ‘एडीएचडी’ म्हणतात, तो अवधानाचा विकार थोतांड ठरत नाही. तो खरा आहे आणि त्याच्या कसोट्याही ठरलेल्या आहेत. २०१३ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, त्यांतील काही बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत, ती एकाहून अधिक ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे मुलाच्या जगण्यात अडथळा येत असावा. केवळ वर्गात, केवळ एकाच विषयाच्या तासाला दिसणारी चंचलता ही त्या कसोटीला उतरत नाही. जे मूल अवघड कोडे हाती येताच शांत होते, त्याला बहुधा कोड्याची भूक असते. जे घरी, मैदानावर आणि मिस्सातही सूत्र हरवते, दप्तर विसरते, आवडत्या खेळातही आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नाही, त्याला तज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे. तत्पूर्वी त्याचे डोळे, कान आणि झोप तपासून घ्यावी.

आता पालकांविषयी. ‘मोबाईलवर दोन तास हलत नाही, मग विकार कसला?’ हा युक्तिवाद फसवा आहे. आवडीच्या गोष्टीत विकारग्रस्त मूलही तासन् तास रमू शकते. शिवाय हुशारी आणि विकार एकाच मुलात नांदू शकतात. बुद्धीच्या बळावर असे मूल चौथी-पाचवीपर्यंत निभावून नेते; पुढे अभ्यासाचा भार वाढला की कोसळते आणि मग ‘आळशी’ हा शिक्का बसतो. शांत, स्वप्नाळू मुलींच्या बाबतीत तर हा विकार वर्षानुवर्षे ध्यानातच येत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या भयापोटी आपण लेकराचे औषध लांबवतो, तेव्हा त्याला आपण कोणत्या तोंडाने आशीर्वाद देतो?

यास्तव आमची मागणी साधी आहे. शाळेने चिठ्ठीत निदान लिहू नये, निरीक्षण लिहावे : कोणत्या तासाला, कशाच्या वेळी, किती दिवस. पालकांनी घरातील तशीच नोंद ठेवावी. निकाल बालमनोविकारतज्ज्ञाने द्यावा. दरम्यान शिक्षकाने त्या मुलाला एक कठीण प्रश्न देऊन पाहावा. खर्च काहीच नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आढळतो. तो ऐकत होता आणि प्रश्नही विचारीत होता. त्या गुरुजनांची नावे कोणी नोंदवली नाहीत; पण त्यांनी त्या मुलाला ‘गप्प बैस’ म्हटले नाही, एवढे मात्र निश्चित. आमच्या वर्गांतून आज किती मुलांना तेवढी मुभा आहे?