न उघडलेले खाते

पनवेल हे जुने व्यापारी गाव; आज ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी वसलेले महानगर आहे. हमरस्त्यांवर परमिट रूम वाढल्या, तर त्याच महापालिकेच्या हद्दीतील खारघर दारूमुक्त राहावे म्हणून तेथील रहिवासी वर्षानुवर्षे आग्रह धरीत आले आहेत. या ओढाताणीत व्यापारी घराण्यांतील तरुण पिढी वाढते आहे. लग्नानंतरची मेजवानी असो वा सौदा ठरविण्याची बैठक, पेला पुढे आला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘इतरांना कुठे काय होते?’ आणि ‘आपल्या घराण्यात कोणी व्यसनी नाही.’ मेंदूविज्ञानाच्या कसोटीवर ही दोन्ही टिकत नाहीत.

मद्य सर्वांवर सारखाच परिणाम करीत नाही. ते शरीरातील पाण्यात मिसळते. समान वजनाच्या पुरुषापेक्षा स्त्रीच्या शरीरात पाणी कमी असते. म्हणून तितक्याच मद्याने तिच्या रक्तातील आणि मेंदूतील त्याचे प्रमाण अधिक चढते. आरंभापासून व्यसनाच्या विळख्यात सापडेपर्यंतचा काळही स्त्रियांत कमी असल्याचे उपचार घेणाऱ्यांच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. पुरुषाला मात्र यातून अभय मिळत नाही. ब्रिटनमधील ३६ हजारांहून अधिक प्रौढांच्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला; रोजच्या अल्प मद्यपानाचाही मेंदूच्या घटलेल्या आकारमानाशी संबंध त्यात आढळला.

दुसरे वाक्य अधिक फसवे आहे. मद्यासक्तीचा धोका सुमारे निम्म्या प्रमाणात आनुवंशिक असतो, असे जुळ्या व दत्तक मुलांवरील अभ्यास सांगतात. त्यामागे एकच जनुक नसून अनेक जनुके असतात. काही जनुके यकृतात मद्याचे विघटन किती वेगाने होईल हे ठरवितात, तर काहींचा संबंध मेंदूतील सुखसंवेदनेशी असतो. ज्या घरात चार पिढ्या कोणी मद्याला स्पर्श केला नाही, तेथे ही जनुके नाहीत असे कसे म्हणावे? ते खाते कधी उघडलेच गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. न उघडलेल्या खात्यात कर्ज किती आहे, हे पहिला पेला घेणाऱ्या मुलाला ठाऊक नसते.

‘त्याला चढत नाही’ हे कौतुकही घातक आहे. मद्यपी पित्यांच्या मुलांवरील दीर्घकालीन अमेरिकी अभ्यासात, ज्यांना आरंभी कमी चढत असे, त्यांच्यातच पुढे मद्यासक्ती अधिक आढळली. कमी चढते म्हणून माणूस अधिक पितो आणि मेंदूवरील आघात वाढत जातो. विवेकाचे नियंत्रण करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. कॉलेजच्या वयात चाखण्याची हौस म्हणूनच अधिक महाग पडते.

सप्तव्यसनांच्या त्यागाचा संस्कार हे ज्या घराचे भांडवल आहे, तेथे व्यसन शिरले की दुसरे संकट उभे राहते. ते म्हणजे मौन. मुलाचे व्यसन ‘लोक काय म्हणतील’ म्हणून झाकले जाते. सुनेचे वा मुलीचे तर उच्चारलेही जात नाही. ज्या मेंदूला लवकर इजा पोहोचते, त्याच्यावर उपचार मात्र उशिरा होतात.

मद्य सुटल्यावर मेंदू बऱ्याच अंशी सावरतो. परंतु रोज भरपूर पिणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचा धोका असतो; म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावे. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनीवर मार्गदर्शन मिळते. घरातील वडीलधाऱ्यांनी दोष देण्यापूर्वी हा दूरध्वनी करावा, आणि मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही ही माहिती पहिल्या पेल्याआधीच द्यावी.