खोकल्याचा पंचनामा कोणी करायचा?

जालना जिल्ह्यातले धावडा हे भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचे गाव. या पट्ट्यात कोळसा नाही, लोहखनिज नाही; आहे तो काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्यामुळे इकडे खाण म्हटली की दगडखाण आणि तिच्या शेजारचा खडी क्रशर. रस्त्याला, पुलाला, घरकुलाला खडी लागतेच आणि ती कुठल्या तरी गावाच्या शिवारातूनच निघते. मग त्या गावातून तहसील कार्यालयात अर्ज जातो. पिकावर धूळ बसते, सुरुंगाने भिंतींना तडे गेले, विहिरीचे पाणी उतरले, पोरांचा खोकला हटत नाही. पहिल्या तीन तक्रारींचा निदान पंचनामा होऊ शकतो. तलाठी येऊन पान पुसून पाहतो, तडा मोजतो. खोकल्याचा पंचनामा होत नाही. तिथे एकच प्रश्न येतो: आजार खाणीमुळेच झाला, याला पुरावा काय?

वैद्यकाच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. पण तो अर्जदाराला विचारण्यात अर्थ नाही, कारण ज्या नोंदींतून उत्तर मिळेल त्या ठेवणे त्याच्या हातात कधीच नव्हते.

आधी धूळ समजून घेऊ. तुरीच्या पानावर करडा थर धरणारी, डोळ्यांना दिसणारी धूळ पिकाचे नुकसान करते. फुप्फुसाला तिच्यापासून तुलनेने कमी धोका असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाका-घशातच अडकतात आणि शेंबडातून, थुंकीतून बाहेर पडतात. त्याहून बारीक कण श्वासनलिकांत उतरतात, तर अडीच मायक्रॉनच्या आतले थेट वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. तिथे त्यांना गिळणाऱ्या पेशी असतात, पण रोज नवा माल येत राहिला तर त्यांचेही काही चालत नाही. दाह सुरू होतो, नलिका आकसतात. ज्याला आधीच दमा आहे, जो विडी ओढतो, जी बाई वर्षानुवर्षे चुलीपुढे बसली आहे, त्यांना त्रास आधी होतो.

‘सिलिका’ हा शब्द अशा अर्जांत हमखास असतो. बेसॉल्टच्या रासायनिक पृथक्करणात सिलिका निम्म्याच्या आसपास दिसते आणि तो आकडा वाचून गाव हादरते. पण ही सिलिका बहुतांशी इतर खनिजांत बांधलेली असते. फुप्फुसात गाठी धरायला लावणारी, सिलिकोसिस करणारी सिलिका म्हणजे मोकळी, स्फटिकरूप. ती क्वार्ट्झमध्ये आणि वालुकाश्मात मुबलक सापडते. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींतल्या कामगारांमध्ये हा आजार इतका पसरला की तिथल्या सरकारला २०१९मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते. नाही असे नाही. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी असतेच. म्हणून क्रशरपासून दूर राहणाऱ्या गावकऱ्याला सिलिकोसिस होईल, असे सरसकट सांगणे चूक. क्रशरच्या तोंडाशी किंवा ड्रिलवर वर्षानुवर्षे तोंडाला नुसता रुमाल बांधून उभा राहणारा मजूर मात्र वेगळ्या हिशेबात धरायला हवा. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. तरी एक्स-रेवर तो क्षयासारखा दिसू शकतो, सिलिका क्षयाचा धोकाही वाढवते, आणि ‘काम काय करता?’ हे न विचारता क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स पुन्हा पुन्हा दिला जातो. डॉक्टरांच्या बाजूची ही चूक जुनी आहे.

गावकऱ्याच्या वाट्याला येते ती साधी बारीक धूळ, आणि तिच्याबद्दल कायदा दोन ठिकाणी दोन भाषा बोलतो. क्रशरसाठीचे मानक सांगते, की यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेतले एकूण तरंगते कण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. वस्तीतल्या हवेसाठी २००९ची राष्ट्रीय मानके आहेत: पीएम १० चोवीस तासांत १०० आणि वर्षाच्या सरासरीत ६०, पीएम २.५ अनुक्रमे ६० आणि ४०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची वार्षिक मर्यादा तर पीएम १० साठी १५ आणि पीएम २.५ साठी ५ इतकी कडक आहे. क्रशरमालक दाखवतो तो पहिल्या मानकाचा अहवाल. गावाला हवा असतो दुसऱ्याचा. त्यातही मोजणी श्रावणात झाली की एप्रिलात, यावर आकडा पार पालटतो.

पुराव्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर कसा अडतो, याचे राज्यातले उदाहरण चंद्रपूर. कोळसा खाणी, वीज केंद्र, सिमेंट असा तिथला पसारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषण निर्देशांक लावला. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशात चौथे आले. या क्षेत्रात घुग्घुस, ताडाळी, बल्लारपूरही धरले होते. ७०च्या पुढे गेलेल्या ४३ क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना जानेवारी २०१०मध्ये स्थगिती मिळाली. २०१८च्या फेरीत चंद्रपूरचे गुण ७६.४१ झाले. कमी झाले, तरी ‘अतिप्रदूषित’ हा शिक्का कायम राहिला.

मधल्या काळात, २०१६मध्ये, निर्देशांकाची पद्धत बदलली. व्यक्तिसापेक्ष भाग काढून मोजता येईल तेवढेच ठेवायचे ठरले. नव्या पद्धतीत १०० पैकी १० गुण आरोग्याचे. ते द्यायचे परिसरातल्या काही प्रमुख रुग्णालयांच्या नोंदींवरून: हवेतून आणि पाण्यातून होणाऱ्या आजारांचे रुग्ण आधीच्या वर्षापेक्षा किती टक्क्यांनी वाढले, यावर. वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटते. पण जिथे वीस वर्षे लोक सारखेच खोकत आहेत तिथे ‘वाढ’ शून्य येते आणि आरोग्याचे गुणही शून्य. शिवाय रुग्णालयाचा आकडा म्हणजे आजाराचा आकडा नव्हे. रिकाम्या जागेवर डॉक्टर रुजू झाला की त्या महिन्यात तालुक्यात दमा ‘वाढतो’. त्याची बदली झाली की ‘कमी’ होतो. खासगी दवाखान्यात नेब्युलायझर घेऊन घरी गेलेले मूल कुठेच मोजले जात नाही.

दगडखाणींच्या बाबतीत तर सुरुवातीची नोंदच नसते. पाच हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी घ्यावी लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२मध्ये दीपक कुमार खटल्यात सांगितले. ती मंजुरी आता लागते. पण एवढ्या छोट्या एकट्या पट्ट्याला सविस्तर पर्यावरणीय आघात अहवाल आणि जनसुनावणी यांतून सूट आहे. म्हणजे खाण सुरू होण्याआधी हवेत धूळ किती होती, विहिरीला पाणी कुठवर होते, हे कागदावर येण्याची जी एक संधी असते ती लहान खाणीच्या गावाला मिळतच नाही. त्याच गावाला पुढे विचारले जाते, की आधी काय होते ते दाखवा.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या सोनशीत हे फार कडवटपणे घडले. तिथे त्रास जितका खाणीचा, तितकाच गावातून लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांचा होता. धूळ आणि पाणी या दोन तक्रारींसाठी एप्रिल २०१७मध्ये गावकऱ्यांनी ट्रक अडवले. ४५ जणांना अटक झाली, त्यांत बायाही होत्या. जामिनाच्या अटी नाकारून ते कोठडीत राहिले. घरी मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर. एवढे झाल्यावर हवेच्या मोजणीकडे गांभीर्याने पाहिले गेले आणि राज्याच्या प्रदूषण मंडळाने तिथल्या खाणींना संमती नाकारली. पुढे फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले, पण त्याचे कारण नूतनीकरणातली बेकायदेशीरता हे होते. सोनशीचा खोकला त्या निकालाचा विषय नव्हता.

कोठडीत न जाताही नोंद होऊ शकते आणि त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आशा कार्यकर्ती तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक तपासणी फॉर्म भरते. त्यात धाप आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला विचारलेला आहे. चूल कशावर पेटते हे आहे, धुराच्या-धुळीच्या उद्योगात काम करता का हेही आहे. उदाहरणे वीटभट्टीची आणि काच कारखान्याची. नाही ते एवढेच, की घर खाणीपासून, क्रशरपासून किंवा खडीच्या रस्त्यापासून किती अंतरावर आहे. हा एक रकाना वाढवला, तर विडी आणि चूल वजा करून धुळीचा वाटा पाहता येईल. शाळेतल्या मुलांसाठी पीक फ्लो मीटर पुरेसे आहे. काही शे रुपयांची ही नळी; जोरात फुंकायचे आणि आकडा लिहायचा. खाणीजवळची एक शाळा, आणि तशाच पिकांची, तशाच चुलींची पण खाणीपासून दूर असलेली दुसरी. मोजणी एकदा पावसाळ्यात, एकदा होळीनंतर. नुसत्या खाणीच्या गावात तपासणी शिबिर घेऊन ‘इतके टक्के लोकांना दमा’ असे जाहीर करणे निरुपयोगी. दुसऱ्या गावातही तितकेच निघाले तर काय म्हणणार?

पैसा आहे. २०१५च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खाणपट्टेधारकांकडून मिळणारा हा निधी बाधित भागासाठी असून आरोग्य, पिण्याचे पाणी आणि प्रदूषण नियंत्रण हे त्याच्या अग्रक्रमाचे विषय आहेत. त्यातून रुग्णवाहिका सहज मंजूर होते, तिला हार घालता येतो. दोन शाळांतल्या मुलांचे वर्षातून दोनदा फुंकणे मोजण्याचा प्रस्ताव सहसा कुणी पाठवत नाही. तो ग्रामसभेने ठराव करून प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत पाठवायला हरकत नाही. ठरावात दोन गोष्टी नावानिशी मागाव्यात: क्रशरभोवती वाऱ्याची भिंत, पाण्याचे फवारे आणि पक्का रस्ता आहे का याची पाहणी, कारण मानकातच या अटी आहेत, आणि हवेची मोजणी यंत्राजवळ न करता शाळेच्या गच्चीवर, मार्च ते मे या महिन्यांत.