किल्ली कोणाकडे ठेवली आहे?



डिसेंबर आला की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर दोन प्रकारचे निरोप सुरू होतात. एक, पुण्या-मुंबईला कोण कधी निघालंय आणि कोणाच्या बॅगेत दोन किलो जागा आहे. दुसरा, 'सावधान!' अशाच एका निरोपात मध्यंतरी एक फोटो आला होता. पाठीवर मोठी पिशवी घेतलेला, सावळा, विशीतला मुलगा भर दुपारी एका इमारतीच्या दाराशी उभा राहून बेलवरची नावं वाचतोय. खाली मजकूर: 'टेहळणी चालू आहे, सगळ्यांना पाठवा.' आता जर्मनीत फ्लॅटला बहुधा नंबरच नसतो, बेलवर फक्त आडनाव असतं. नाताळच्या तोंडावर पार्सलं पोचवणाऱ्या मुलाने ती वाचायची नाहीत तर काय करायचं? आणि कोणाचाही फोटो त्याच्या संमतीशिवाय असा पसरवणं इथल्या कायद्यात बसत नाही, ते वेगळंच.

चोऱ्यांची भीती खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. जर्मनीत २०१५ साली घरफोडीचे १,६७,१३६ गुन्हे नोंदले गेले. २०२१ मध्ये आकडा ५४,२३६ वर आला (कोविडमुळे सगळे घरीच होते) आणि २०२४ मध्ये पुन्हा ७८,४३६ झाला. यातले जवळजवळ निम्मे प्रयत्न फसलेले असतात. दार किंवा खिडकी काही मिनिटांत उघडली नाही तर चोर बहुधा नाद सोडतो. म्हणून कुलूप चांगलं हवं, आणि हवा खेळावी म्हणून कलती ठेवलेली खिडकी निघताना पूर्ण बंद हवी. पोलिसांच्या लेखी कलती खिडकी म्हणजे उघडी खिडकी, आणि विमा कंपनीही पैसे देताना तेच म्हणू शकते. पोलिसांचं सल्ला केंद्र हे सगळं फुकट समजावून सांगतं. आपल्यातले किती जण तिथे गेले आहेत?

आता सोन्याबद्दल. 'आमचं सगळं बँकेत आहे' म्हणणाऱ्यांनी गेल्झेनकिर्शेन आठवावं. २०२५ च्या नाताळात २५-२६ डिसेंबरच्या सुट्ट्यांना लागून शनिवार-रविवार आला. बूअर भागातल्या श्पारकासं बँकेच्या तिजोरीच्या खोलीत चोर शेजारच्या पार्किंगमधून भिंतीला भोक पाडून शिरले आणि त्यांनी तीन हजारांहून जास्त लॉकर फोडले. सोमवारी पहाटे आगीचा अलार्म वाजला तेव्हा ते उघडकीस आलं. एका लॉकरचा विमा साधारण १०,३०० युरोचा होता. आपल्याकडच्या एका लग्नातलं सोनं त्यात बसतं का, हिशोब करून पाहा. आणि ते सोनं कोणाचं? आपल्यातल्या अनेक घरांत पगार, फ्लॅट, शेअर्स नवऱ्याच्या नावावर आणि बायकोच्या नावाचे म्हणावेत असे फक्त दागिने. त्यांची यादी, फोटो, पावत्या तिच्याजवळ असाव्यात एवढं तरी करूया.

गेल्झेनकिर्शेनला शनिवारी रात्री पार्किंगच्या जिन्यात मोठाल्या पिशव्या घेतलेली माणसं दिसली होती, असं साक्षीदारांनी नंतर सांगितलं. म्हणजे पिशवीवाल्यावर संशय घेणारे बरोबरच, असं कोणी म्हणेल. तर तसा संशय आला की ११० फिरवावा. ग्रुपवर फोटो टाकून काय होणार?

माझ्यासाठीही कोणीतरी ११० फिरवला होता. तीन वर्षांपूर्वी एक मित्र सहकुटुंब पुण्याला गेला, तेव्हा तुळशीला पाणी घालायला मी त्याच्या घरी जात असे. तिसऱ्या संध्याकाळी दारात दोन पोलीस. ओळखपत्र दाखवलं, किल्ली दाखवली, तरी मित्राला पुण्यात रात्री दीडला उठवावं लागलं. पोलीस सभ्यपणे वागले. पण जिन्यात उभ्या असलेल्या शेजाऱ्यांसमोर 'मी चोर नाही' हे शाबीत करताना माझे कान तापले होते, ते अजून आठवतं. फोन समोरच्या आजीबाईंनी केला होता. त्या माझ्या रंगामुळे घाबरल्या का? थोड्याफार असतीलही. पण मित्र चार वर्षं त्यांच्यासमोर राहत होता आणि त्यांच्याशी 'हालो'पलीकडे कधी बोलला नव्हता. आम्ही अमुक दिवस नाही, अमुक माणूस येईल, एवढं सांगायला त्याला एक मिनिट लागलं असतं. दिव्याला टायमर मात्र त्याने आठवणीने लावला होता!

ऑफिसांचंही तेच. सुट्टीत इमारतीत खरोखर असतात ते रखवालदार आणि सफाईला येणाऱ्या बायका, त्यातल्या कितीतरी आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या. उघडी राहिलेली खिडकी, दारात अडकवलेला पुठ्ठा आधी त्यांनाच दिसतो. तो कोणाला कळवायचा हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आमच्याकडे सायबर सुरक्षेवर दर वर्षी सक्तीचं प्रशिक्षण असतं. त्यात या बायका नसतात.

असो. त्यानंतर मित्र आजीबाईंकडे चकल्या घेऊन गेला. त्यांना त्या तिखट लागल्या, पण गप्पा झाल्या. गेल्या दोन खेपांना त्याची किल्ली त्यांच्याकडेच असते, पत्रपेटीही त्याच रिकामी करतात. त्यांच्या मते मी तुळशीला फार पाणी घालत होतो.