कागदपत्रांचा फोल्डर कुठे ठेवावा?

घरातल्या जुन्या कागदाची किंमत काय असते, हे जात पडताळणीसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला विचारावे. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जमवावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा, गावच्या शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ. असे कागद पत्र्याच्या पेटीत पिवळे पडून घडीवर फाटू लागलेले असतात. म्हणून कित्येक कुटुंबांनी ते स्कॅन करून संगणकात ठेवले आहेत. हे फार चांगले झाले. मूळ कागद मात्र जपायचेच.

आता वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स अशा सोयी आहेत. त्यांचा एक फोल्डर आपल्या संगणकात असतो. त्यात टाकलेला कागद इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकावरही जातो आणि मुलाच्या मोबाइलवर दिसतो. वनड्राइव्हवर ५ जीबी, गुगलवर १५ जीबी (त्यातच ईमेल आणि फोटोही आले) आणि ड्रॉपबॉक्सवर २ जीबी जागा फुकट मिळते. दाखले आणि मार्कलिस्टांना एवढी पुरून उरते. लग्नाच्या व्हिडिओला ती पुरणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

हा फोल्डर संगणकात कुठे ठेवायचा, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वनड्राइव्ह आपणहून सी ड्राइव्हवर, आपल्या नावाच्या फोल्डरात जाऊन बसतो. विंडोजही त्याच सी ड्राइव्हवर. तो भरला की संगणक रखडू लागतो. शिवाय आपला दुरुस्तीवाला जरा काही बिघडले की म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल!" फॉरमॅटमध्ये सी कोरा होतो, डी सहसा वाचतो. म्हणून फोल्डर डीवर ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो.

आम्हाला हा सल्ला अर्धाच पटतो. काही संगणकांत सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क असतात. सीची लहान आणि वेगवान, डीची मोठी. तिथे फोल्डर डीवर हलवावा, जागेचा प्रश्न मिटतो. पण पुष्कळ ठिकाणी एकाच डिस्कचे दोन भाग पाडलेले असतात. ती डिस्क निकामी झाली तर दोन्ही भाग एकदमच जातात.

दुसरी गोष्ट घरातली आहे. संगणक एक आणि वापरणारे पाच! प्रत्येकाचे वेगळे खाते असेल तर सीवरील आपला युजर फोल्डर इतरांना सहजासहजी उघडत नाही. डीवर उघड्यावर ठेवलेला फोल्डर मात्र कोणत्याही खात्यातून उघडतो आणि पुसताही येतो. आधार, पासबुक, पेन्शनचे कागद त्यात असतील तर हे आधी ध्यानात घ्यावे. सीवर जागा असेल आणि संगणक सामायिक असेल तर फोल्डर आहे तिथेच असू द्यावा, असे आमचे मत आहे.

पेन ड्राइव्हवर हा फोल्डर ठेवू नये. वनड्राइव्ह काढता-घालता येणारी ड्राइव्ह मानतच नाही; त्याला एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली कायमची डिस्क लागते. तसेच एका कंपनीचा फोल्डर दुसरीच्या फोल्डरात ठेवू नये. दोघी एकाच फाइलला ओढू लागल्या की एकाच दाखल्याच्या चार प्रती होतात आणि खरी कोणती, ते कळत नाही.

जागा बदलायचीच असेल तर फोल्डर नुसता कट-पेस्ट करू नका. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये आधी हा संगणक खात्यापासून वेगळा करायचा (तिथे 'अनलिंक' असे लिहिलेले असते), मग फोल्डर नव्या जागी न्यायचा, पुन्हा खाते उघडायचे आणि विचारल्यावर तीच नवी जागा दाखवायची. डेस्कटॉप व डॉक्युमेंट्सही वनड्राइव्हवर जात असतील तर ती सोय अगोदर बंद करावी. ड्रॉपबॉक्समध्ये हे काम सोपे. त्याच्या सेटिंगमध्येच जागा बदलण्याचे बटण आहे.

वनड्राइव्हमध्ये फाइलशेजारी ढगाचे चित्र असेल तर ती फाइल आपल्या संगणकात नसते. इंटरनेट असेल तरच उघडते. हिरवी खूण असेल तर ती संगणकात आहे. मुलाखतीच्या किंवा प्रवेशाच्या दिवशी लाइट गेली, नेट गेले, तर ढग कामाचा नाही. महत्त्वाच्या फोल्डरावर उजवे बटण दाबून तो कायम याच संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा.

आणि हा फोल्डर म्हणजे तिजोरी नव्हे. नातवाने संगणकावर फाइल पुसली की ती मोबाइलवरूनही पुसली जाते. या तिन्ही कंपन्यांच्या फुकट खात्यांत पुसलेली फाइल कचरापेटीतून साधारण ३० दिवस परत मिळते, पुढे नाही. तेव्हा सर्व दाखल्यांची एक वेगळी प्रत पेन ड्राइव्हवर काढून भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवावी. ती वर्षातून एकदा, शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू होण्याआधी, उघडून पाहावी.