शरदातील दोन जलाशय

आपल्याकडील बहुतेक कुटुंबे महाबळेश्वरला जातात ती मे महिन्यात अथवा नाताळच्या सुटीत. मे महिन्यात उन्हापासून सुटका हवी असते, नाताळात मुलांच्या शाळा बंद असतात. दोन्ही कारणे योग्यच आहेत. परंतु ज्यांना पाण्यावर, होडीत, काही घटका निवांत बसावयाचे आहे त्यांनी या दोन्ही वेळा टाळून आश्विन-कार्तिकात तेथे जावे, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ऑक्टोबरात आकाश निवळते, वाऱ्याची दिशा पालटते आणि जलाशय काठोकाठ भरलेले असतात. पुण्या-सोलापुरात ज्या दिवसांना आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून नावे ठेवतो, त्याच दिवसांत साडेचार हजार फुटांवरील या पठारावर पहाटे शाल लागते. रात्रीची हवा पाण्यापेक्षा अधिक थंड होते, त्यामुळे सकाळी तलावाच्या पृष्ठभागावरून धुके उठताना दिसते. साडेआठ-नऊच्या सुमारास ते विरते. तोपर्यंत काठावर उभ्या असलेल्या होड्या अर्ध्याच दिसतात.

वेण्णा तलाव सर्वांच्या परिचयाचा आहे; त्याचा इतिहास मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. हा तलाव नैसर्गिक नव्हे. साताऱ्याचे छत्रपती शहाजी तथा आप्पासाहेब महाराज यांनी तो 1842 साली बांधविला. त्यांचे ज्येष्ठ बंधू प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी 1839 मध्ये पदच्युत करून काशीस पाठविले होते आणि आप्पासाहेबांना गादीवर बसविले होते. 1848 मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले, दत्तकविधान इंग्रजांनी अमान्य केले आणि राज्य खालसा झाले. म्हणजे तलाव बांधल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत ते राज्यच उरले नाही. तलाव राहिला. आजही महाबळेश्वर आणि पाचगणीला पिण्याचे पाणी तेथूनच मिळते. नौकाविहार हा त्या तलावाचा मूळ उद्देश नव्हे, तो जोडधंदा म्हणावा लागेल. पण जोडधंद्यावरच अधिक लोक ओळखतात, अशी उदाहरणे माणसांमध्येही आढळतात.

वेण्णा तलावावर पायाने चालविण्याच्या होड्या असतात आणि वल्ह्यांच्याही असतात. माझी शिफारस वल्ह्यांच्या होडीची. पायडल मारणारा मनुष्य घामाघूम होतो आणि गप्पाही मारू शकत नाही. वल्ह्याच्या होडीची गोष्ट वेगळी. वल्हवणारा जिकडे जावयाचे तिकडे पाठ करून बसतो. मागे पडत जाणारा काठ त्याला दिसतो, पुढचा दिसत नाही. पुढचे पाहण्याचे काम समोर बसलेल्या प्रवाशाचे. लाकडी होडी जड असते, तिला गती घेण्यास वेळ लागतो. पण एकदा गती मिळाली की वल्ही पाण्याबाहेर उचलून धरली तरी ती बरेच अंतर आपोआप जाते. त्या वेळी वल्ह्याच्या टोकावरून पाण्यात टपकणाऱ्या थेंबांचाच काय तो आवाज येतो. प्लॅस्टिकच्या हलक्या होडीत हे सुख नाही. वाऱ्याची झुळूक आली की ती भरकटते.

तथापि दिवाळीच्या पाडव्यानंतर वेण्णेच्या काठी घोडे, मक्याची कणसे, फुगे नेमबाजीने फोडण्याचे खेळ आणि मोटारींची रांग यांचे राज्य सुरू होते. होडीसाठी तासभर उभे राहावे लागते आणि ठरलेली वेळ संपली की काठावरून शिटी वाजते. शिटी वाजेल या धास्तीने घेतलेल्या विश्रांतीला विश्रांती म्हणावे काय, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

ज्यांना अधिक वेळ आहे त्यांच्यासाठी दुसरा जलाशय आहे. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. वेण्णा पूर्वेकडे उतरून क्षेत्र माहुली येथे कृष्णेस मिळते. कोयना मात्र दक्षिणेची वाट धरते, सह्याद्रीच्या दोन रांगांमधून बरीच वाहते आणि मग पूर्वेकडे वळून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. या दोन रांगांमधील खोऱ्यातच कोयना धरणाचे पाणी पसरले आहे. त्यास शिवसागर म्हणतात. महाबळेश्वरहून तापोळा पंचवीस-तीस किलोमीटर. रस्ता वळणावळणांचा आणि सतत उताराचा. धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 2163 फूट. म्हणजे वरच्या पठारावरून पाण्याच्या काठापर्यंत आपण दोन हजारांहून अधिक फूट खाली येतो. पहाटेची शाल तापोळ्यात काखेत घ्यावी लागते.

शिवसागर पाहावयाचा तर शरदातच. उन्हाळ्यात येथे येणाऱ्यांना पाणी आणि झाडी यांच्यामध्ये तांबड्या उघड्या मातीचा रुंद पट्टा दिसतो. ऑक्टोबरात हा पट्टा पाण्याखाली असतो आणि हिरवा डोंगर थेट पाण्यात उतरतो. पुढे महिन्यागणिक पातळी घटत जाते, कारण हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे पोफळीच्या बाजूस सोडून त्यावर वीज निर्माण केली जाते. ते मग वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेच्या समुद्राकडे निघालेल्या नदीचे पाणी माणसाने पश्चिमेकडे वळविले. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडील वीजनिर्मितीसाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी ठरवून दिले आहे; धरणाची एकूण क्षमता सव्वाशे-दीडशे नव्हे, 105 टीएमसीच्या आसपास आहे. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा ताळेबंद पाहताना मौज वाटते: आषाढ-श्रावणात एकरकमी ठेव आणि उरलेले आठ महिने केवळ काढणे.

या ताळेबंदात एक रकाना मात्र आकड्यांनी भरता येत नाही. धरणाचे काम 1960 च्या दशकात पूर्ण झाले आणि खोऱ्यातील अनेक गावे, भाताची खाचरे, देवळे पाण्याखाली गेली. काही कुटुंबे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत वसविली गेली. काही जण डोंगर चढून वरच्या उतारावर नव्याने घरे बांधून राहिले. डिसेंबर 1967 मधील भूकंपाने याच परिसराची पुन्हा दैना केली. ज्या खोऱ्यात माणसे चालत अथवा बैलगाडीने या गावातून त्या गावात जात, तेथे दोन काठांमध्ये एकाएकी पाणी आले. होडी तेथे आली ती अशी. पर्यटक पुष्कळ नंतर आले.

माझी नेमणूक सातारा जिल्ह्यातील एका शाखेत असताना या खोऱ्यातील एका नाववाल्याचे कर्जप्रकरण माझ्यासमोर आले होते. लाकडी होडीची दुरुस्ती करून तिला इंजिन बसवावयाचे होते. रक्कम मोठी नव्हती. तारण मात्र विलक्षण होते. ट्रॅक्टर शेतात उभा असतो, म्हैस गोठ्यात असते. हे तारण पाण्यावर तरंगणारे आणि ते पाणीही कर्जदाराच्या मालकीचे नव्हे, शासनाचे. वरिष्ठ कार्यालयाने दोन वेळा शंका काढल्या. अखेर पाहणीसाठी मी स्वतः गेलो. काठाशी होडी होती आणि तिच्यात गुडघाभर पाणी होते! सोबतच्या कारकुनाने माझ्याकडे पाहिले. नाववाले साठीचे गृहस्थ होते, गावात सर्व त्यांना आबा म्हणत. मी विचारले, “आबा, ही तर बुडाली आहे. कर्ज कशावर द्यायचे?”

“बुडाली न्हाई साहेब, बुडवलीया,” ते म्हणाले. “नव्या फळ्या बसवल्यात. आठ दिस पाणी पिऊ द्या तिला. मग एक थेंब आत येणार न्हाई.”

लाकडी होडीचे शास्त्र मला त्या दिवशी समजले. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासून भरतात. कोकणात या कामाला कलाफत म्हणतात. पण खरी राखण लाकूडच करते. कोरड्या फळ्या आकसलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये फटी राहतात. पाणी शोषून त्या फुगल्या की एकमेकींना घट्ट दाबून धरतात आणि फटी मिटतात. फार दिवस काठावर कोरडी ठेवलेली होडी पाण्यात लोटली की गळते, ती यामुळेच. आठवड्याने मी पुन्हा गेलो तेव्हा होडी उपसून कोरडी केलेली होती आणि तळाशी हात फिरविला तर ओल नव्हती.

पुढचा प्रश्न हप्त्यांचा होता. कागदावर बारा महिन्यांचे बारा समान हप्ते होते. आबांनी तो कागद वाचून घेतला आणि सांगितले की पावसाळ्यात पर्यटक नसतात, गावकऱ्यांकडून ते पैसे मागत नाहीत, तेव्हा त्या चार महिन्यांचे हप्ते भरणे शक्य नाही. खोटे आश्वासन देणार नाही. ऊस आणि भात यांच्या पिकाप्रमाणे हप्ते बसविण्याची पद्धत बँकेत होतीच. तीच मी येथे लावली: ऑक्टोबर ते मे आठ हप्ते, जून ते सप्टेंबर विराम. वरिष्ठांची मान्यता मिळण्यास दीड महिना गेला, पण मिळाली. ते कर्ज मुदतीपूर्वी फिटले. त्या शाखेत असताना मोठ्या पेढ्यांची जी प्रकरणे मी हाताळली, त्यांतील सर्वांविषयी असे लिहिता येणार नाही.

‘गावकऱ्यांकडून पैसे मागत नाही’ हे वाक्य मात्र अधिक काळ मनात राहिले. पलीकडच्या काठावरून शाळेला येणारी मुले, दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण, रेशनचे धान्य, लग्नाचे वऱ्हाड, सारे पाण्यावरून येते. मोटारी आणि जीपगाड्या नेण्यासाठी तराफाही चालतो. आपण ज्या पाण्याला सहल म्हणतो ते त्यांचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्याच्या तळाशी कित्येकांच्या आजोबांची खाचरे आहेत. होडी संथ चालली असता आबांनी एका ठिकाणी हात दाखवून सांगितले होते की खाली त्यांचे खळे होते. वर पाणी इतरांसारखेच हिरवे-निळे होते. आता तापोळा आणि आहीर या दोन काठांना जोडणाऱ्या पुलाचे काम सुरू झाले आहे. पूल झाला की पलीकडच्या रुग्णाला होडीची वाट पाहावी लागणार नाही. पर्यटनप्रेमी मंडळी ‘तराफ्याची मजा जाईल’ म्हणून हळहळतात. ती हळहळ मला पटत नाही. रात्री दुखणे घेऊन काठावर बसलेल्या माणसाला मजा नको, पूल हवा. होड्या त्यानंतरही राहतील, फक्त हौसेसाठी राहतील, आणि ते योग्यच होईल.

शिवसागरावर शिडाची होडी दिसत नाही, याचे अनेकांना नवल वाटते. दोन डोंगररांगांमध्ये वारा अडतो, वळतो, मध्येच पडतो. शिडाला असा वारा उपयोगाचा नाही. शीड पाहावयाचे तर सावित्रीच्या खाडीकडे उतरावे लागे. लोहमार्ग पुण्यापर्यंत येण्यापूर्वी मुंबईहून महाबळेश्वरला येणारी मंडळी समुद्रमार्गे बाणकोटला, तेथून खाडीने दासगाव-महाडकडे आणि पुढे पालखीतून घाट चढून वर येत. म्हणजे या गिरिस्थानाची एक वाट मुळात पाण्यावरूनच होती.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. तापोळा आणि बामणोली या दोन्ही ठिकाणी होड्या मिळतात. साताऱ्याकडून येणाऱ्यांना कासच्या पठारावरून बामणोली सोयीचे. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा संगम व दत्तमंदिर पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. वासोट्यासाठी मात्र पहाटे निघावे लागते. तो भाग अभयारण्यात आहे, वनखात्याची परवानगी लागते आणि अंधारापूर्वी परतणे बंधनकारक आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या आपल्या घरांना हे वेळापत्रक अडचणीचे नाही. डबा होडीतच उघडावा, कागद आणि पिशव्या मात्र परत आणाव्यात. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने, पोहता येणाऱ्यानेही, अंगावर घालावे. मांडीवर ठेवलेले जाकीट कोणालाही वाचवीत नाही.

आणि एक विनंती नाववाल्यास अवश्य करावी. जलाशयाच्या मध्यावर, कोणत्याही स्थळाकडे जाण्याची घाई नसताना, दहा-पंधरा मिनिटे इंजिन बंद करण्यास सांगावे. प्रथम कानांत इंजिनाचाच आवाज घुमत राहतो. मग पाणी लाकडावर आपटल्याचा बारीक आवाज येऊ लागतो, काठावरील एखाद्या वाडीतील कोंबड्याचे आरवणे ऐकू येते, बुडून वर आलेला पाणकावळा दिसतो. होडी हळूहळू स्वतःभोवती वळते आणि तुम्ही न हलता चारही बाजूंचे डोंगर समोरून जातात. नाववाले सहसा नाही म्हणत नाहीत. डिझेल त्यांचेच वाचते.